उष्ट्या हाताची सोबत

आमच्या घरात शेवटची पंगत दोघींची असते, माझी आणि आत्याबाईंची. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची रीत आहे. घरातल्यांची, आल्यागेल्यांची जेवणं आटोपली की स्वयंपाकघरात आमची दोन ताटं समोरासमोर मांडली जातात. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हे असंच चाललं आहे. या पंगतीला एक कायदाही आहे. जिचं आधी होईल तिनं उठायचं नाही. दुसरीचा शेवटचा घास होईपर्यंत तिनं उष्ट्या हातानं बसून राहायचं. बोटांवरचं वरण वाळून पापुद्रे धरले तरी चालतील, पण एकीला ताटावर एकटी सोडून दुसरीनं हात धुवायला जायचं नाही.

या कायद्याचा आम्हाला कधी जाच झाला नाही. आत्याबाई दोन भाकरी खायच्या, त्याही अशा सावकाश की बघणाऱ्याला जांभई यावी. एक घास, मग गल्लीतली एक बातमी, मग पुढचा घास. मी तीन भाकरी खायची, भाजी वेगळी, वर ताकभात, पण माझा झपाटा शिलाई मशीनचा. त्यांचं थोडं आणि हळू, माझं जास्त आणि जोरात, त्यामुळे आम्ही दोघी साधारण एकाच वेळी संपवायचो. माझ्या आयुष्यात इतका बराबर जमलेला हिशेब दुसरा नाही.

पुढं माझं पोट कापलं आणि हा हिशेब मोडला.

हिंगोलीकडच्या गोरेगावात माझं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, दोन मशिनी आणि भिंतीला लावलेला एक आरसा. ब्लाऊज शिवावेत तर मीच, असं पंचक्रोशीतल्या बायका म्हणतात. मी नाही म्हणत नाही. पण दिवसभर बैठं काम, हाताशी शेंगदाण्याचा डबा, आणि मुळात माझी खाण्याची हौस. वजन शंभरीच्या पुढं गेलं. साखर गोळ्यांना दाद देईना, इन्सुलिन सुरू झालं. गुडघे असे झाले की गिऱ्हाइकाची मापं मी बसूनच घ्यायला लागले. शेवटी नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं की पोटाचं ऑपरेशन करा, जठराचा मोठा भाग काढून टाकू, साखरही उतरेल. मी घरी येऊन घाबरत घाबरत हे आमच्या ह्यांना सांगितलं. हे शेतावर हळद उकडून दमून आले होते. पाणी प्याले आणि म्हणाले, "करून टाक. तू राहिली तर बाकी समदं राहील." एवढं गोड हे लग्नातसुद्धा बोलले नव्हते.

आत्याबाईंनी मात्र डॉक्टरांची उलटतपासणी घेतली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माझ्या खाटेशेजारी बसून त्यांनी विचारलं, "जठर कापता, ठीक हाय. आन भूक? तिचं काय करता?"

"भूक पण कमी होते आजी," डॉक्टर हसून म्हणाले.

"मंग खायची मजा?"

"बघू" म्हणून ते पुढच्या खाटेकडे गेले.

घरी आल्यावर आधी नुसते घोट. साधं पाणी, डाळीचं पाणी, पातळ ताक. तेही औषधाच्या छोट्या कपानं, थांबून थांबून. दुकानातली मऊ मलमल कापून आत्याबाईंनी तिची चौकोनी फडकी केली. मुगाचं वरण त्यातून गाळायच्या, पुन्हा गाळायच्या, उजेडात धरून बघायच्या. एकदा मी वैतागून म्हणाले, "आत्या, वरण हाय, तूप न्हाई." त्या म्हणाल्या, "टाके उसवले तर तू शिवशील का सोता?" गावात बातमी पसरली होतीच. दुसऱ्यांचं शिवणारी स्वतःच शिवून आली म्हणून बायका दुकानात येऊन हसायच्या, आणि जाताना हळूच विचारायच्या की दुखतं का गं लै.

पातळातून मऊ अन्नावर आणि मऊवरून साध्या अन्नावर आले, तशी मी पुन्हा आमच्या शेवटच्या पंगतीला बसायला लागले. दिवसभरात थोडं थोडं पाच-सहा वेळा खायचं असे, पण दुपारचं हे एक खाणं आत्याबाईंच्या समोर. माझं ताट गेलं आणि त्या जागी वाटी आली. वाटीत घोटलेलं वरण, चमचाभर पनीर किंवा दही, आणि सगळ्यात शेवटी, जागा उरली तर, पापुद्र्याएवढी भाकर. आमच्या डाएटिशियन मॅडमचा नियमच होता की आधी प्रथिनं, मग भाजी आणि भाकरीचा नंबर शेवटी. जेवताना पाणी प्यायचं नाही. गोळ्या जन्मभर चुकवायच्या नाहीत. हे सगळं मी पाळलं. एक तेवढं मला जमेना, ते म्हणजे हळू खाणं.

माझा स्वभावच घाईचा. टीप सरळ आली पाहिजे आणि ती लगेच आली पाहिजे. चार घास मी चार फटक्यांत गिळायची, आणि मग घास छातीत अडकून बसायचा. डोळ्यांतून पाणी, तोंडाला फेस, आणि शेवटी मोरीकडे धाव. खाल्लेलं सगळं बाहेर. मॅडम फोनवर दर वेळी तेच विचारायच्या, "उलट्या थांबल्या का?" आणि मी दर वेळी तेच सांगायची. एकदा त्या चिडल्या. "ताई, तुम्ही जेवता की टीप मारता? घास तोंडात अगदी पेस्ट होईपर्यंत चावा. चमचा खाली ठेवा. मग दुसरा घास घ्या." मी व्हय व्हय म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोरी गाठली.

रक्त तपासलं तर प्रथिनं कमी निघाली. केसही झडत होते. कंगवा बघितला की माझा जीव खाली-वर व्हायचा. अंडं आमच्या घरात शिजत नाही. मॅडम म्हणाल्या, "शेती आहे ना? सोयाबीन पिकतं की तुमच्याकडे." खरंच की. आमच्या शेतात दर वर्षी सोयाबीन उभं असतं, पोती भरून मोंढ्यावर विकायला जातं, पण ताटात ते कधी आलं नव्हतं. ह्यांना सांगितलं तर हे थक्क झाले. "ते खायचं बी असतं व्हय? म्या तर इकायचंच समजून राहिलो होतो." मग आत्याबाईंनी ते भिजवायचं, भरपूर शिजवायचं, वाटायचं आणि जिरं-लसणाची फोडणी द्यायचं बसवलं. वास आला की ह्यांचं जेवण ओसरीवर सरकायचं. मी मात्र खायची, नाक दाबून.

तरी एकूण माझी चंगळच होती. इन्सुलिन सुटलं, गुडघे वाकायला लागले. माझेच ब्लाऊज मी दर थोड्या दिवसांनी आत घेत होते. आरशासमोर उभी राहून मी स्वतःच्या कमरेला टेप लावायची आणि एकटीच हसायची. मला माझंच कौतुक इतकं होतं की समोर कोण बसलंय, काय खातंय, इकडं माझं लक्षच नव्हतं.

उन्हाळ्यात हट्ट्याला लग्न निघालं. हट्टा हे आत्याबाईंचं माहेर, लग्न त्यांच्या भावाच्या नातवाचं. त्यांना नव्या लुगड्यावर नवा ब्लाऊज हवा होता. गिऱ्हाइकं नव्हती अशा एका सकाळी मी त्यांना दुकानात बोलावलं. त्यांचं माप मला पाठ होतं. इतकी वर्षं मीच त्यांचे ब्लाऊज शिवत आले आहे. पण लग्नाचा ब्लाऊज, म्हणून म्हटलं घेऊ एकदा. टेप छातीभोवती गुंडाळला आणि आकडा बघितला. वाटलं टेप पाठीमागं घसरला. पुन्हा लावला. आकडा तोच. पदर बाजूला केला तर अंगातल्या ब्लाऊजला काखेत दोन्ही बाजूंनी सेफ्टीपिना टोचलेल्या. सुनेचं शिलाईचं दुकान, आणि सासूच्या ब्लाऊजला पिना!

"हे काय हाय, आत्या?"

"ढिला झाला व्हता."

"कपडा ढिला व्हतो का माणूस वाळतं?"

मी दंडाचं माप घेतलं. दंड माझ्या मुठीत मावला. काही दिवसांपूर्वी न्हाणीपाशी भिंत धरून त्या उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या होत्या आणि ऊन लागलं असेल म्हणून सोडून दिलं होतं. आता कसलं ऊन आणि कसलं काय. मी दुकानाला कडी लावली आणि तशीच त्यांना गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी साखर बघितली, दाब बघितला, रक्त काढून हिंगोलीला पाठवलं. सगळं आलं आणि कसला रोग निघाला नाही. डॉक्टर म्हणाले, "आजींना आजार नाही. आजी जेवत नाहीत."

"जेवते की मी," आत्याबाई म्हणाल्या. "इच्या संगं रोज जेवते."

त्या दुपारी मी माझ्या वाटीकडे न बघता त्यांच्या ताटाकडे बघत बसले. ताटात एक भाकर होती. जेवायला बसता बसताच त्यांनी तिचा अर्धा भाग मोडून टोपल्यात परत टाकला, असा सहज, की इतके दिवस मला दिसलाच नसेल. उरलेली अर्धी त्या भराभर खात होत्या. त्या, भराभर! दाढा नाहीत, समोरचे दात हलतात, आणि घास आमटीत बुडवून नुसता गिळत होत्या. मधेमधे डोळा माझ्या वाटीवर. माझा शेवटचा चमचा झाला तसा त्यांनी उरलेला तुकडा ताटाच्या कडेला सारला आणि म्हणाल्या, "झालं माझं. ऊठ, हात धू."

मग मला समजलं. माझं जेवण चार घासांचं झालं होतं, आणि कायद्याप्रमाणं मला त्यांच्यासाठी उष्ट्या हातानं बसावं लागलं असतं. ऑपरेशन झालेली बाई, टाके पडलेलं पोट, आणि हात वाळवत बसणार. ते त्यांना बघवलं नव्हतं. म्हणून त्यांनी माझ्या पोटाच्या मापानं स्वतःचं जेवण कापलं होतं.

मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. "तुमचं पोट कुणी कापलंय का?" मी ओरडले. "म्या बसले असते ना! घटकाभर बसल्यानं म्या मरते का?"

"दम लागतो तुला. उलटी व्हती," त्या म्हणाल्या.

"मंग आधी सांगायचं!"

"काय सांगायचं त्यात?"

ओरडा ऐकून हे ओसरीवरून आत आले. सगळं ऐकून घेतलं आणि पुरुषमाणसासारखा सोपा तोडगा काढला. "दोघी येगयेगळ्या जेवा. तू तुझ्या टायमाला, आई आईच्या टायमाला. झालं." मलाही ते पटलं. इतकी साधी गोष्ट कुणाला कशी सुचली नाही असं वाटलं. आत्याबाई एकदा ह्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरं."

दुसऱ्या दिवशी मी माझी वाटी दुकानातच घेतली. आत त्यांचं ताट मीच वाढून ठेवलं होतं, दोन भाकरी, वांग्याची भाजी, वर जवसाची चटणी. थोड्या वेळानं कात्री न्यायला म्हणून आत गेले, तर ताट झाकलेलं, जसंच्या तसं. आत्याबाई ओट्यापाशी उभ्या राहून भाकरीचा कोरडा तुकडा चटणीला लावून खात होत्या. मला बघून त्यांनी तो पदराआड केला. चोरी पकडल्यासारखं तोंड झालं होतं त्यांचं.

"ताट वाढलंय ना तुमचं? उभ्यानं काहून खाता?"

"एकटीला काय ताट," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा तोंड उघडलं होतं, पण त्यांनी हात वर केला. या बाईनं मला कधी हात वर करून गप्प केलेलं नाही. त्या तिथंच जमिनीवर बसल्या आणि बोलायला लागल्या, अगदी शांतपणे, गल्लीतली बातमी सांगावी तशा.

"म्या या घरात आले तवा माझ्या सासूचं जेवण पाटावर, माझं मागल्या दारात. समद्यांचं झाल्यावर, जे उरंल ते. नंदा व्हत्या, जावा व्हत्या, पर त्या त्यांच्या त्यांच्या लेकरांत. पुढं सासू गेली, जावा येगळ्या निघाल्या, तरी म्या एकटीच. तुझ्या सासऱ्यानं कधी इचारलं न्हाई, तू जेवली का म्हणून. माणूस वाईट नव्हता. ध्यानातच येत नसंल. एकटं माणूस जेवत न्हाई बाई, नुसतं पोटात ढकलतं. उभ्यानं ढकलायची म्या. तू आलीस, आन पयल्याच दिवशी माझ्यासमोर ताट घेऊन बसलीस. तुला आठवत बी नसंल. तुझं झालं आन तू उठली न्हाईस. म्या म्हणलं, ऊठ की पोरी. तर म्हणलीस, तुमचं होऊ द्या, आत्या."

मला खरंच आठवत नव्हतं. आमच्या माहेरी तशी रीत होती, म्हणून मी बसले असेन. मला तेवढा मोठेपणा कधीच नव्हता. इतकी वर्षं ज्याला मी या घरचा कायदा समजत होते तो माझ्याच माहेराहून आला होता, आणि या बाईनं तो जिवापेक्षा जपला होता.

आता मात्र मी रडले. त्यांनी पदराआडचा तो चटणी लावलेला तुकडा काढून खाल्ला. त्याचंही मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुन्हा समोरासमोर. पण नुसतं बसून प्रश्न सुटत नव्हता. मी शपथ घालून बघितली, ताटात जबरदस्तीनं वाढून बघितलं. माझं झालं की त्यांचा हात थांबायचा. मी बसून राहते म्हटलं की त्या म्हणायच्या, "मला कुणी टकामका बघत असलं की घास उतरत न्हाई." भांडूनही पाहिलं, भांडणात मी पटाईत आहे, पण गप्प बसणाऱ्या माणसाशी कोण भांडणार? हट्ट्याच्या लग्नात त्या नवा ब्लाऊज घालून मिरवल्या आणि माहेरचे लोक एकेक येऊन मला विचारत राहिले की बाईला काय झालंय, खाऊ घालता का न्हाई. त्या दिवशी पंगतीत मला मान वर करता आली नाही.

नांदेडला माझी तपासणी होती तेव्हा मी त्यांना सोबत घेतलं. जीपनं हिंगोली, तिथून एसटी. मॅडमनी माझं वजन केलं, रिपोर्ट बघितले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "उलट्या चालूच आहेत. प्रथिनं अजून कमीच आहेत. ताई, मी कुठल्या भाषेत सांगू?"

"माझं सोडा," मी म्हणाले. "आधी यांना काट्यावर उभं करा."

आत्याबाई चपला काढून काट्यावर उभ्या राहिल्या, देवळात उभं राहावं तशा. मॅडमनी आकडा बघितला आणि खुर्ची पुढे ओढली. मी सगळं सांगून टाकलं. वाटी, अर्धी भाकर, उष्टा हात, सगळंच. सांगताना माझा आवाज चढला आणि बाहेर बसलेले लोक आत डोकवायला लागले. मॅडम वयानं लहान, माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी मधे तोंड घातलं नाही. शेवटी विचारलं, "आजी, तुमच्या घरात सगळ्यात हळू कोण जेवतं?"

"म्याच की," आत्याबाई म्हणाल्या. "मला दात हायत कुठं?"

"आणि सगळ्यात घाईनं?"

आत्याबाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

"मग मला तुमची मदत पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "तुमची सून माझं ऐकत नाही. तिचं अन्न अंगाला लागायचं असेल तर तिला हळू जेवायला शिकवावं लागेल, आणि ते मला फोनवरून जमत नाही. तुम्ही तुमचं पूर्वीचं जेवण, पूर्वीसारखं सावकाश जेवायचं. तुमचा एक घास झाला की तिनं एक घ्यायचा. तुमचा होईपर्यंत तिनं चावत बसायचं. तुम्ही घाई केलीत तर ती घाई करणार आणि पुन्हा उलटी होणार. जमेल?"

आत्याबाईंची पाठ ताठ झाली. "न जमायला काय झालं? म्या का लेकरू हाय?"

मी मॅडमकडे बघितलं, तर त्या संगणकात काहीतरी टाइप करत होत्या आणि ओठ दाबून धरले होते.

परतीच्या गाडीत आत्याबाई खिडकीशी बसून मला तंबी देत होत्या. आता तुझं चालायचं न्हाई, डॉक्टरनीनं मला सांगितलंय. मी मुकाट्यानं ऐकत होते. त्यांना वाटत होतं की त्या माझ्यावर इलाज करणार आहेत, आणि मला वाटत होतं की मी त्यांच्यावर. कुणाचं खरं होतं याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं.

मग सुरू झाली आमची घासाला घास पंगत. पहिले काही दिवस माझा जीव नकोसा झाला. आत्याबाई भाकर मोडणार, चुरणार, आमटीत भिजू देणार, मग घास उचलणार, मधेच आठवलं म्हणून शेजारणीच्या म्हशीचं सांगणार, आणि मी आपली तोंडातला घास चावतेय, चावतेय, चावतेय. "गिळू का?" मी खुणेनं विचारायची. "न्हाई अजून," त्या बोट हलवायच्या. एवढ्या अधिकारानं त्यांना वागताना मी कधी पाहिलं नव्हतं. हे दारातून म्हणायचे, "शाळा भरली का?" आणि आत्याबाई त्यांना हुसकून लावायच्या.

पण घास अडकायचा बंद झाला. मोरीकडची धाव बंद झाली. आणि सोयाबीनलाही चव असते हे मला पहिल्यांदा कळलं. बरी नसते, पण असते. टोपल्यात परत जाणारी अर्धी भाकर हळूहळू ताटातच राहायला लागली. कधी अख्खी एक व्हायची, कधी सव्वा. त्यांच्या ब्लाऊजच्या पिना मी काढून टाकल्या, पण शिलाई आत घेतली नाही. म्हटलं, राहू दे ढिला, भरेल.

एक अडचण मात्र राहिलीच. मी कितीही हळू खाल्लं तरी माझी वाटी ती वाटीच. त्यांची पहिली भाकर संपत यायची आणि माझं पोट दगडासारखं भरलेलं असायचं. माझं झालं असं दिसलं तर त्या उठणार, ही धास्ती मला रोज असायची. म्हणून मी एक लबाडी शिकले. शेवटचा घास बोटांत धरून ठेवायचा. तोंडापर्यंत न्यायचा, काहीतरी बोलायचं, खाली आणायचा. पुन्हा उचलायचा. तोंड नुसतंच हलवत राहायचं. अशी मी त्यांची भाकर पुरी करून घ्यायची, आणि मनातल्या मनात स्वतःच्या हुशारीवर खूश असायची.

परवा दुपारची गोष्ट. बाहेर ढगाळ होतं, दुकानात कुणी नव्हतं. भाजी मुगाची होती, त्यांच्या आवडीची. त्यांची एक भाकर झाली होती आणि माझा शेवटचा घास नेहमीसारखा बोटांत होता. मी नणंदेच्या पोरीच्या परीक्षेचं काहीतरी रंगवून सांगत होते. आत्याबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ठिव तो खाली."

"काय?"

"घास. मगाधरनं धरून बसलीस. रोजच धरतीस. पोट भरलंय तुझं, ठिव."

माझे कान तापले. घास वाटीत ठेवला. आता या उठणार, म्हणून मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. हात ताटातच होता. टोपल्यात अजून भाकरी होत्या, पण त्यांनी टोपल्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत या बाईनं माझ्याकडे, ह्यांच्याकडे, कुणाकडेच ताटावर बसून काही मागितलं नव्हतं. वाढलं तेवढं खाल्लं, नाही वाढलं तर उठल्या.

"मला भूक हाय अजून," आत्याबाई म्हणाल्या. "तू बस. भाकर दे."

मी डाव्या हातानं टोपलं ओढलं आणि भाकर मोडून अर्धी त्यांच्या ताटात ठेवली.

"येवढीच?" त्या म्हणाल्या.

मी उरलेली अर्धीही ठेवली, आणि त्यांनी ती सावकाश सगळी खाल्ली.